'मोस्ट' नेमका कुठे वापरायचा: 'सर्वात', 'बहुतेक' आणि 'जास्तीत जास्त' यांचा गुंता सोडवताना

इंग्रजी शिकायला सुरुवात केली की पहिल्या महिनाभरातच 'मोस्ट' हा शब्द भेटतो. शब्दकोशात त्याच्यापुढे 'सर्वात जास्त' असं लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावर बराच काळ निभावतंही. मग कुणीतरी 'मोस्ट पीपल लाइक म्यूझिक' म्हणतं. 'सर्वात जास्त लोकांना संगीत आवडतं' असा अर्थ लावून पाहावा तर तो जुळत नाही. तिथे 'बहुतेक लोकांना' हवं असतं. पुढे कधीतरी 'ॲट मोस्ट टेन मिनिट्स' कानावर पडतं, म्हणजे 'फार तर दहा मिनिटं'. आणि 'दॅट इज मोस्ट काइंड ऑफ यू' या वाक्यात तर कुणाशी तुलनाच नाही. तिथे 'मोस्ट' म्हणजे नुसतं 'फार' किंवा 'अगदी'.

मराठीत ज्या कामांसाठी चार वेगवेगळे शब्द आहेत, ती सगळी कामं इंग्रजी या एका शब्दाकडून करून घेते. कोणतं काम चाललं आहे ते 'मोस्ट'कडे बघून कळत नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघून कळतं. आधी 'द' आहे का? 'अ' आहे का? 'ॲट' आहे का? मागून 'ऑफ' येतो का? मी मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्यांना शिकवते. माझा अनुभव असा की 'मोस्ट'चे नियम पाठ केलेले लोक चुकत राहतात, आणि शेजारी ओळखायला शिकलेले लोक फारसे चुकत नाहीत. म्हणून हा लेख त्या शेजाऱ्यांच्या क्रमाने लिहिला आहे.

पहिली पायरी: आधी मराठी शब्द ठरवा

वाक्य इंग्रजीत जुळवायला घेण्याआधी स्वतःला विचारा: मला 'सर्वात' म्हणायचं आहे, 'बहुतेक' म्हणायचं आहे, 'जास्तीत जास्त' म्हणायचं आहे, की 'अगदी'?

'सर्वात' असेल तर 'द मोस्ट' आणि पुढे विशेषण: 'द मोस्ट डिफिकल्ट क्वेश्चन', सर्वात अवघड प्रश्न.
'बहुतेक' असेल तर 'द' नको, थेट 'मोस्ट' आणि नाम: 'मोस्ट क्वेश्चन्स', बहुतेक प्रश्न.
'जास्तीत जास्त' असेल आणि पुढे आकडा असेल तर 'ॲट मोस्ट': 'ॲट मोस्ट फाइव्ह क्वेश्चन्स', जास्तीत जास्त पाच प्रश्न.
'अगदी' किंवा 'फारच' असेल तर 'अ मोस्ट' आणि विशेषण: 'अ मोस्ट डिफिकल्ट क्वेश्चन', फारच अवघड प्रश्न.

पहिल्या आणि चौथ्या उदाहरणात फरक फक्त 'द' आणि 'अ' एवढाच आहे, पण अर्थ किती बदलला बघा. 'द मोस्ट डिफिकल्ट क्वेश्चन' हा सगळ्या प्रश्नांमधला एकच असतो. 'अ मोस्ट डिफिकल्ट क्वेश्चन' असे दहाही असू शकतात.

दुसरी पायरी: 'मोस्ट' लावायचा की शब्दाच्या शेवटी 'एस्ट'

'सर्वात'साठी इंग्रजीत दोन रस्ते आहेत. छोट्या शब्दांच्या शेवटी 'एस्ट' लागतो: 'टॉल'चं 'टॉलेस्ट', 'ओल्ड'चं 'ओल्डेस्ट'. लांब शब्दांच्या आधी 'मोस्ट' येतो: 'मोस्ट ब्यूटिफुल', 'मोस्ट इम्पॉर्टंट'. शब्द एका दमात, एकाच अवयवात (म्हणजे उच्चाराच्या एकाच तुकड्यात) म्हटला जात असेल तर 'एस्ट', तीन किंवा जास्त अवयव असतील तर 'मोस्ट', हा मुख्य नियम.

दोन अवयवांच्या शब्दांपाशी नवशिके थबकतात, आणि ते साहजिक आहे. शेवटी 'ई'चा आवाज असलेले 'हॅपी', 'ईझी', 'बिझी' हे शब्द 'एस्ट' घेतात: 'हॅपिएस्ट', 'ईझिएस्ट', 'बिझिएस्ट'. 'यूजफुल', 'केअरलेस', 'फेमस', 'बोअरिंग' असे शेवटी प्रत्यय चिकटलेले शब्द 'मोस्ट' घेतात. 'सिंपल', 'क्लेव्हर', 'नॅरो', 'पोलाइट', 'कॉमन' यांना दोन्ही चालतं. खात्री नसेल तेव्हा दोन अवयवांच्या शब्दाला 'मोस्ट' लावा. 'मोस्ट क्लेव्हर' म्हटलं तर फार तर थोडं जड वाटेल, पण 'फेमसेस्ट' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच टोचेल.

दोन अपवाद लक्षात ठेवण्याजोगे आहेत. 'टायर्ड', 'बोअर्ड' हे शब्द छोटे असूनही 'मोस्ट टायर्ड', 'मोस्ट बोअर्ड' असेच होतात, कारण मुळात ती क्रियापदांची रूपं आहेत. उलट 'अनहॅपी' तीन अवयवांचा असूनही 'अनहॅपिएस्ट' होतो, कारण त्याच्या पोटात 'हॅपी' आहे. 'गुड', 'बॅड', 'लिटल' यांची रूपं मात्र पूर्ण बदलतात: 'बेस्ट', 'वर्स्ट', 'लीस्ट'. खुद्द 'मोस्ट'ही असंच बदललेलं रूप आहे. 'मच' आणि 'मेनी' या दोघांचंही पुढचं रूप 'मोअर', आणि त्याच्याही पुढचं 'मोस्ट'.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती कळल्यावर हा 'एस्ट' परका वाटेनासा होतो. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ या शब्दांच्या शेवटी जो 'इष्ठ' आहे, तो संस्कृतातला 'सर्वात' दाखवणारा प्रत्यय आहे, आणि इंग्रजी 'एस्ट' हा त्याचा सख्खा भाऊबंद. दोन्ही भाषांची मुळं एकाच प्राचीन भाषेत जातात. चवीला छान असलेल्या पदार्थाला आपण 'स्वादिष्ट' म्हणतो, तो शब्द मुळात 'स्वादिष्ठ', म्हणजे सर्वात गोड. त्याचा इंग्रजी नातलग 'स्वीटेस्ट'. 'उत्तम' या शब्दाचंही असंच आहे. 'उद्' म्हणजे वर किंवा बाहेर, त्याला 'सर्वात'चा 'तम' लागून उत्तम. इंग्रजीत 'आउट'चा जुना उच्चार 'ऊट', त्याला जुना 'मेस्ट' प्रत्यय लागून आजचा 'अटमोस्ट' तयार झाला. 'उद्' आणि 'आउट' हेही एकाच मुळाचे. 'अटमोस्ट', 'फोरमोस्ट', 'इनरमोस्ट', 'टॉपमोस्ट' या शब्दांतलं शेवटचं 'मोस्ट' सुरुवातीला आपला 'मोस्ट' नव्हताच. तो वेगळा प्रत्यय होता, आणि आवाज सारखा वाटल्यामुळे लोकांनी पुढे त्याला 'मोस्ट' करून टाकलं.

या गोष्टीतून व्यवहाराची एक सूचना निघते. 'श्रेष्ठ' म्हणजेच सर्वात चांगला, तरी मराठीत आपण 'सर्वात श्रेष्ठ' बिनदिक्कत म्हणतो, कारण त्या 'इष्ठ'चा अर्थ आता कुणाला जाणवत नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र 'एस्ट'चा अर्थ अजून स्पष्ट जाणवतो. म्हणून 'मोस्ट बेस्ट', 'मोस्ट हॅपिएस्ट', 'मोस्ट फोरमोस्ट' अशी दुहेरी रूपं आजच्या इंग्रजीत चूक ठरतात. 16व्या आणि 17व्या शतकातल्या इंग्रजीत ती जोर देण्यासाठी चालत असत, पण आज नाही. दोन्हींपैकी एकच घ्या.

तिसरी पायरी: 'द' कुठे हवा, आणि पुढे 'इन' की 'ऑफ'

'सर्वात' म्हणजे त्या गटातला ठरावीक एक, म्हणून आधी 'द' येतो. 'माय', 'हिज', 'अवर' असे मालकी दाखवणारे शब्द आले की 'द' निघून जातो: 'माय मोस्ट इम्पॉर्टंट वर्क', माझं सर्वात महत्त्वाचं काम.

'द' गळण्याची आणखी एक जागा आहे, आणि ती बारकाईची आहे. 'धिस रोड इज द मोस्ट डेंजरस' म्हणजे इतर रस्त्यांच्या तुलनेत हा रस्ता सर्वात धोकादायक. 'धिस रोड इज मोस्ट डेंजरस ॲट नाइट' म्हणजे या रस्त्याची त्याच्याशीच तुलना आहे: दिवसापेक्षा, संध्याकाळपेक्षा रात्री तो जास्त धोकादायक. मराठीत दोन्हीकडे 'सर्वात' येतो आणि संदर्भावरून समजतं. इंग्रजी 'द' ठेवून किंवा काढून ते सांगते.

आता पुढचा शब्द. 'जगातला सर्वात प्रसिद्ध माणूस' म्हणताना 'जगातला' हा 'चा'सारखा वाटतो आणि हातून 'ऑफ द वर्ल्ड' लिहिलं जातं. रोजच्या इंग्रजीत ठिकाण किंवा समूह असेल तर 'इन' वापरतात: 'द मोस्ट फेमस पर्सन इन द वर्ल्ड', 'इन द क्लास', 'इन द टीम'. ज्यांच्यातून निवड केली त्या अनेक गोष्टी किंवा कालखंड असेल तर 'ऑफ': 'द मोस्ट यूजफुल ऑफ ऑल द टूल्स', 'द मोस्ट इम्पॉर्टंट डे ऑफ द इयर'.

या पायरीवरची सर्वात नेहमीची चूक 'वन ऑफ द मोस्ट'ची. 'सर्वात महत्त्वाच्या कारणांपैकी एक' हे मराठीत नीट अनेकवचनात येतं, पण इंग्रजीत लिहिताना 'वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट रीझन' असं एकवचन उतरतं, कारण मनात 'एक कारण' असतं. अनेकांतून एक उचलता, तर अनेक आधी दिसायला हवेत: 'वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट रीझन्स'. क्रियापद मात्र एकवचनी, कारण बोलणं त्या एकाबद्दल आहे: 'वन ऑफ द मोस्ट इम्पॉर्टंट रीझन्स इज धिस'. अर्ज, अहवाल, परीक्षेतला निबंध, कुठेही बघा, ही चूक हमखास सापडते. लिहून झाल्यावर 'वन ऑफ द' जिथे जिथे आला असेल तिथे पुढच्या नामावर बोट ठेवून 'स' आहे का पाहायचं. ही सवय लावली तर आठवडाभरात चूक जाते.

चौथी पायरी: 'बहुतेक'

सामान्य विधान करायचं असेल, जगातल्या सगळ्याच पुस्तकांबद्दल किंवा माणसांबद्दल, तर नुसता 'मोस्ट': 'मोस्ट बुक्स', 'मोस्ट चिल्ड्रन', 'मोस्ट पीपल'. ठरावीक गटाबद्दल बोलायचं असेल तर 'मोस्ट ऑफ', आणि त्या 'ऑफ'च्या पुढे तो गट दाखवणारा शब्द हवाच: 'मोस्ट ऑफ द बुक्स', 'मोस्ट ऑफ दीज बुक्स', 'मोस्ट ऑफ माय बुक्स', 'मोस्ट ऑफ देम'. 'मोस्ट ऑफ बुक्स' किंवा 'मोस्ट ऑफ पीपल' हे अर्धवट राहतं. 'ऑफ' आला की 'कोणते?' असा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचं उत्तर द्यावंच लागतं. खंडाचं किंवा देशाचं नाव असेल तर ते नावच उत्तर असतं, म्हणून 'मोस्ट ऑफ युरोप' बरोबर.

क्रियापद कोणतं? पुढच्या नामाकडे बघा. 'मोस्ट ऑफ द वर्क इज डन', कारण काम मोजत नाहीत. 'मोस्ट ऑफ द बुक्स आर ओल्ड', कारण पुस्तकं मोजतात.

'बहुतेक वेळा' म्हणायचं असतं तेव्हा आपण 'मोस्ट ऑफ द टाइम्स' म्हणून जातो. 'वेळा' अनेकवचन आहे, म्हणून 'टाइम्स'. इंग्रजीत मात्र इथे वेळ हा मोजायचा नसतो, तो एक सलग साठा असतो, आणि त्याचा मोठा भाग असं म्हणायचं असतं: 'मोस्ट ऑफ द टाइम'. शेवटचा 'स' काढून टाका.

'ऑलमोस्ट' हा शब्दही इथेच गोंधळ घालतो. तो 'ऑल' आणि 'मोस्ट' मिळून बनला आहे, पण आज त्याचा अर्थ 'जवळजवळ'. 'ऑलमोस्ट पीपल' असं होत नाही. 'जवळजवळ लोक' असं मराठीतही होत नाही. 'ऑलमोस्ट ऑल द पीपल', 'ऑलमोस्ट एव्हरीबडी' असं म्हणा. क्रियापदाशी आला तर तो 'होता होता राहिलं' असं सांगतो. 'आय ऑलमोस्ट फेल' ('फॉल'चा भूतकाळ) म्हणजे मी पडतापडता वाचले, पडले नाही.

पाचवी पायरी: 'द मोस्ट व्होट्स' आणि 'मोस्ट ऑफ द व्होट्स'

ही पायरी मला या सगळ्या विषयातली सर्वात मोलाची वाटते, कारण इथे चूक झाली तर वाक्य नुसतं कानाला खटकत नाही, खोटं ठरतं.

समजा एका निवडणुकीत 100 मतं पडली. पहिल्या उमेदवाराला 40, दुसऱ्याला 35, तिसऱ्याला 25. पहिल्या उमेदवाराबद्दल 'शी गॉट द मोस्ट व्होट्स' हे पूर्ण खरं आहे: बाकी कुणालाही तिच्याएवढी मतं नाहीत. पण 'शी गॉट मोस्ट ऑफ द व्होट्स' हे खोटं आहे, कारण 100पैकी 60 मतं तिला मिळालेली नाहीत. 'द मोस्ट' दुसऱ्यांशी तुलना करतो. 'मोस्ट ऑफ द' एकूण संख्येशी तुलना करतो, आणि त्यासाठी निम्म्याहून जास्त लागतं.

मराठीत हा फरक आपल्याकडे स्वच्छ आहे. पहिलं 'सर्वाधिक मतं', दुसरं 'बहुसंख्य मतं' किंवा 'बहुमत'. सर्वाधिक मतं मिळूनही बहुमत नसू शकतं, हे मराठी वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून इंग्रजीत लिहिताना 'मोस्ट'पासून सुरुवात करू नका. आधी 'सर्वाधिक' की 'बहुसंख्य' ते ठरवा, मग 'द' आणि 'ऑफ' आपोआप जागेवर बसतील.

सर्वेक्षणाचे निकाल, वर्गातले गुण, खेळातले गोल, कार्यालयातली आकडेवारी, सगळीकडे हेच लागू होतं. तीन रंगांपैकी निळा सर्वाधिक लोकांनी निवडला म्हणजे बहुतेकांना निळा आवडला असं नव्हे. वाचतानाही सावध राहा, कारण बातम्यांच्या मथळ्यात जागा वाचवायला 'द' गाळतात, आणि 'द मोस्ट'च्या अर्थाने नुसता 'मोस्ट' छापतात. अशा वेळी आकडे पाहूनच अर्थ ठरवायचा.

आणि निम्म्याहून जास्त म्हणजे किती जास्त? काटेकोर हिशेबाने 51 टक्केही चालतील. पण ऐकणाऱ्याच्या मनात 'मोस्ट'ने बऱ्यापैकी मोठा भाग उभा राहतो. 51 किंवा 52 टक्क्यांना मी 'मोस्ट' म्हणत नाही. 'मोअर दॅन हाफ' म्हणते. त्यात वाचणाऱ्याची दिशाभूल होत नाही.

सहावी पायरी: 'मोस्टली' म्हणजे 'बहुतेक येईन' नव्हे

'मोस्टली मी उद्या येईन.' हे वाक्य मराठी बोलण्यात इतकं रुळलं आहे की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही, आणि मराठीत बोलताना ते तसं असायला हरकतही नाही. अडचण येते ती इंग्रजीत 'आय विल मोस्टली कम टुमॉरो' लिहिल्यावर. मराठी न येणारा माणूस हे वाचून चक्रावतो. येण्याचा मोठा भाग उद्या होणार आणि उरलेला नंतर, असं काहीतरी त्याला वाटतं.

याचं मूळ आपल्या 'बहुतेक'मध्ये आहे. 'बहुतेक लोक आले' यात 'बहुतेक' म्हणजे मोठा भाग. 'बहुतेक तो येणार नाही' यात 'बहुतेक' म्हणजे शक्यता. 'बहुधा'चंही तसंच. मराठीत एका शब्दाने दोन्ही चालतं, म्हणून आपण 'मोस्टली'कडूनही दोन्हीची अपेक्षा करतो. इंग्रजी 'मोस्टली' फक्त पहिलं काम करतो: मोठा भाग, किंवा बहुतेक वेळा. 'द रूम वॉज मोस्टली एम्प्टी', खोली बऱ्याच अंशी रिकामी होती. 'आय मोस्टली वर्क ॲट होम', मी बहुतेक वेळा घरून काम करते.

शक्यता सांगायची असेल तर 'प्रॉबब्ली': 'आय विल प्रॉबब्ली कम टुमॉरो'. खात्री जास्त असेल तर 'मोस्ट प्रॉबब्ली' किंवा 'मोस्ट लाइकली'. इथे 'मोस्ट' आला, पण तो 'प्रॉबब्ली'ला जोर देतोय, स्वतः शक्यता सांगत नाहीये.

एक वाक्य घ्या: 'काम बहुतेक झालं आहे.' हे मराठीतच दुहेरी आहे. थोडं काम उरलं आहे असाही अर्थ होतो, आणि झालं असावं पण मी पाहिलेलं नाही असाही. समोरासमोर बोलताना आवाजावरून कळतं. इंग्रजीत मात्र निवड करावीच लागते. 'द वर्क इज मोस्टली डन' म्हणजे थोडं शिल्लक आहे. 'द वर्क इज प्रॉबब्ली डन' म्हणजे मला नक्की माहीत नाही. वरिष्ठांना पत्र लिहिताना या दोन वाक्यांतून दोन वेगळ्या जबाबदाऱ्या अंगावर येतात. म्हणून 'मोस्टली' लिहिल्यावर दर वेळी विचारा: किती, की शक्यता?

सातवी पायरी: 'जास्तीत जास्त'

हा शब्दही दोन कामं करतो. 'जास्तीत जास्त 50 लोक येऊ शकतात' यात तो वरची मर्यादा सांगतो: 'ॲट मोस्ट फिफ्टी पीपल'. 'ॲट द मोस्ट' म्हटलं तरी अर्थ तोच. 'जास्तीत जास्त लोकांनी यावं' यात मात्र मर्यादा नाही, उलट जितके येतील तितके हवेत. तिथे 'ॲज मेनी पीपल ॲज पॉसिबल'. आकडा असला की 'ॲट मोस्ट', आकडा नसला की 'ॲज मेनी ॲज पॉसिबल' किंवा न मोजता येणाऱ्या गोष्टीसाठी 'ॲज मच ॲज पॉसिबल'.

'मॅक्झिमम लोक आले होते' असंही आपण बोलतो आणि तेच इंग्रजीत 'मॅक्झिमम पीपल केम' म्हणून उतरतं. 'मॅक्झिमम' हा कमाल मर्यादेचा शब्द आहे. तिथे 'मोस्ट पीपल केम' किंवा ठरावीक गट असेल तर 'मोस्ट ऑफ देम केम' पुरेसं आहे.

'मेक द मोस्ट ऑफ' हा वाक्प्रचार याच घरातला. हाती आलेल्या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेणं. 'वी हॅव वन आवर, लेट अस मेक द मोस्ट ऑफ इट': तासभर आहे, तो सत्कारणी लावू या.

आठवी पायरी: 'अगदी'

'अ मोस्ट इंटरेस्टिंग टॉक', 'आय ॲम मोस्ट ग्रेटफुल'. हा 'मोस्ट' औपचारिक आहे. पत्रात, भाषणात शोभतो. मित्राशी गप्पा मारताना 'व्हेरी' किंवा 'रिअली' बरा. मत किंवा भावना सांगणाऱ्या विशेषणांनाच तो लागतो. 'अ मोस्ट टॉल मॅन' असं होत नाही, कारण उंची मोजता येते, ते मत नव्हे. आभाराला उत्तर देताना 'यू आर मोस्ट वेलकम' म्हणतात, त्यातलाही 'मोस्ट' हाच, 'अगदी'चा.

'युनिक', 'परफेक्ट' या शब्दांना 'मोस्ट' लावावा का, यावर व्याकरणाचे जाणकार वाद घालतात. जे एकमेव आहे ते जास्त एकमेव कसं होणार, असा त्यांचा मुद्दा. अमेरिकेच्या संविधानाच्या 1787 सालच्या प्रास्ताविकात 'मोअर परफेक्ट' असं लिहिलेलं आहे, तेव्हा ही रूढी जुनी आहे. तरी परीक्षेत आणि अर्जात ती टाळावी, उगाच गुण जातात.

इंग्रजी बोलणारे एक सौम्य नकारही 'मोस्ट'ने देतात. 'इट इज नॉट द मोस्ट कम्फर्टेबल चेअर' असं कुणी म्हटलं तर ही खुर्ची आरामाच्या बाबतीत दुसऱ्या क्रमांकावर आहे असा अर्थ घेऊ नका. खुर्ची गैरसोयीची आहे, एवढंच ते जपून सांगणं आहे.

उच्चाराबद्दल थोडंसं

'मोस्ट' एका अवयवाचा शब्द आहे. शेवटचा 'ट' भरभर बोलताना पुढे व्यंजन आलं तर गळतो: 'मोस्ट पीपल' हे 'मोस् पीपल'सारखं ऐकू येतं. पुढे स्वर आला तर तो त्याला जाऊन चिकटतो: 'मोस्ट ऑफ' हे 'मोस्टव्ह'सारखं, कारण 'ऑफ'चा शेवट इंग्रजीत 'व्ह' होतो. बोलताना तुम्ही 'ट' पूर्ण म्हटलात तरी बिघडत नाही. ऐकताना मात्र हे माहीत असायला हवं, नाहीतर 'मोस्' ऐकून कोणता नवा शब्द आला असं वाटतं.

आता करून पाहा

खालच्या पाच वाक्यांचं इंग्रजी आधी स्वतः करा, मगच पुढे वाचा.

बहुतेक खिडक्या बंद होत्या (त्या इमारतीतल्या).
ती बहुतेक उशिरा येईल.
हे माझं सर्वात जुनं पुस्तक आहे.
हा सर्वात अवघड धड्यांपैकी एक आहे.
जास्तीत जास्त तीन प्रश्न विचारा.

पहिल्यात ठरावीक इमारत आहे, म्हणून 'मोस्ट ऑफ द विंडोज वेअर क्लोज्ड'. दुसऱ्यात शक्यता, म्हणून 'शी विल प्रॉबब्ली कम लेट'. 'मोस्टली' लिहिला असेल तर सहावी पायरी पुन्हा वाचा. तिसऱ्यात 'ओल्ड' छोटा शब्द, आणि 'माय' आहे म्हणून 'द' नाही: 'धिस इज माय ओल्डेस्ट बुक'. चौथ्यात 'धिस इज वन ऑफ द मोस्ट डिफिकल्ट लेसन्स', आणि तो शेवटचा 'स' विसरला नसाल तर शाबास. पाचव्यात आकडा आहे, म्हणून 'आस्क ॲट मोस्ट थ्री क्वेश्चन्स'.